शंभर टक्क्यांबाहेरच्या मुली

शाळेनं माझ्या वडिलांना फसवलं आणि वडिलांच्या हातून मला फसवलं. मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितलं की तुमची मुलगी दहावीला बसली तर नापास होईल, आणि नापास झाली तर तिचं नाव खराब होईल. वडिलांनी सही केली, माझा दाखला घेतला आणि मला घरी आणलं. त्या वर्षी शाळेच्या फाटकावर पाटी लागली, निकाल शंभर टक्के. गोष्ट एवढीच आहे. पुढे जे लिहिते आहे तो माझा राग आहे, आणि तो दर मार्चमध्ये नव्यानं पिकतो.

शाळेचं नाव घेत नाही. घेतलं तर त्यांची फुकटात जाहिरात होईल, आणि फुकट मी कोणाला मिरचीचं देठसुद्धा देत नाही.

आज गणिताचा पेपर आहे. माझी मुलगी काजल आत बसली आहे आणि मी केंद्रासमोरच्या कडुलिंबाखाली, टमाट्याच्या रिकाम्या कॅरेटवर. ऊन आताच कानशिलं भाजायला लागलं आहे. लिंबाची पिवळी पानं डोक्यावर, मांडीवर गळताहेत आणि त्याच फांद्यांना तांबूस पालवी फुटते आहे. हे झाड एकाच वेळी रिकामं होतं आणि भरतं, त्याची त्याला लाज नाही. रस्त्यापलीकडची झेरॉक्सची दुकानं शटर ओढून बंद. मागच्या भिंतीपाशी काही पोरं खिडकीत कागदाचे बोळे फेकायला टपलेली. पोलीस काठी आपटतो, ती पांगतात, पुन्हा जमतात, वाळत घातलेल्या गव्हावरच्या चिमण्यांसारखी. माझ्या शेजारी एक बाप बसला आहे. त्यानं मुलाची पाण्याची बाटली दोन्ही हातांनी अशी धरली आहे की जणू झाकण उडून जाईल. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भीती आहे, आणि ही भीती आम्हाला कोणी विकली हे विचारायला कोणी तयार नाही.

मी तयार आहे. मला विचारायची सवय आहे. वाशीमच्या भाजीबाजारात मी माझ्या हिमतीवर उभी राहिले, आणि तिथे न विचारता घेतलेला माल नेहमी खालून सडका निघतो.

माझ्या वडिलांचा मळा शाळेच्या मागे होता, मध्ये फक्त नाला. वांगी, मिरची, पालक, आणि आमच्याकडे जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर. शाळेची घंटा म्हणजे आडव्या खांबाला टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाई त्यावर लोखंडी कांब मारायचा आणि आवाज नाल्यावरून थेट आमच्या वाफ्यांत यायचा. वर्षभर ती घंटा मला ऐकूच येत नसे, कारण मी तिच्या आत होते. त्या मार्चमध्ये मी तिच्या बाहेर होते आणि प्रत्येक टोला पाठीवर पडत होता. पहिली घंटा, म्हणजे मुली बाकांवर बसल्या. दुसरी, पेपर वाटले. मग लांबलचक शांतता, तिच्यात फक्त मोटेच्या जागी आलेल्या इंजिनाची धकधक आणि नाल्याकाठच्या पळसावर कावळ्यांचं भांडण. पळस त्या वर्षी असा फुलला होता की बघवत नव्हता. लाल रंग मला आजही आवडत नाही. लोक म्हणतात पळस फुलला म्हणजे होळी आली. माझ्या डोक्यात पळस फुलला म्हणजे इंग्रजीचा पेपर आला.

मुली आमच्या बांधावरून जायच्या. हातात पॅड, दोन पेन, कपाळाला अंगारा. त्यांत माझी मैत्रीण सुनंदाही होती. त्या दिसल्या की मी तुराट्यांच्या ढिगामागे जाऊन बसायची. आई वांगी तोडता तोडता ओरडायची, "काहून लपून राह्यली व? चोरी केली का तुनं?"

नापास झालेल्या मुलीसारखी मी लपत होते, आणि मी तर नापाससुद्धा झाले नव्हते. शिक्षा मिळाली होती, गुन्हा करायचा राहून गेला होता.

सहामाहीनंतर मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावलं तेव्हा मी सोबत होते. खोलीत एक खुर्ची रिकामी होती. वडील तिच्यावर बसले नाहीत, आणि बसा असं कोणी म्हणालंही नाही. सरांचा आवाज अगदी मऊ होता. मऊ आवाजाची मला तेव्हापासून चीड आहे. "भाऊ, पोरगी गुणाची आहे. पण गणित आणि इंग्रजी कच्चं. नापासाचा शिक्का एकदा बसला की निघत नाही. उद्या पाहुणे पाहायला येतील, तेव्हा काय सांगाल? यंदा दाखला घेऊन जा. पुढच्या वर्षी बाहेरून बसवा, आम्ही आहोतच."

वडील म्हणाले, "तुमी म्हणान तसं, सर."

ते पुढचं वर्ष कधी आलं नाही. बाहेरून बसणं म्हणजे कायमचं बाहेर बसणं, हे खोलीतल्या तिघांपैकी एकालाच ठाऊक होतं. आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की त्या दिवशी मला बरं वाटलं. घरी येताना पाय हलके झाले होते. परीक्षा टळली! त्यांनी माझ्या हातातली वस्तू काढून घेतली आणि मी त्यांनाच मनातल्या मनात धन्यवाद दिले. फसवणूक याहून सफाईदार असू शकत नाही. बाजारात इतकी सफाई मी फार थोड्यांच्या हातात पाहिली आहे.

सुनंदाचं काय झालं सांगते. तिला दाखला दिला नाही, कारण तिचे काका शाळेच्या संस्थेवर होते. ती बसली आणि दोन विषयांत नापास झाली. शाळेनं तिला टक्क्यांत कसं बसवलं, किंवा कसं गाळलं, ते त्यांचं त्यांना माहीत. पाटी तर शंभराचीच लागली. सुनंदाच्या घरी म्हणे त्या दिवशी चूल पेटली नाही. मग दुसऱ्या दिवशी पेटली. ती रडली, भांडली, ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसली आणि निघून गेली पुढे. आज ती अंगणवाडीत आहे. भेटली की हसत सांगते, "मी तं नापास होऊन पास झाली बाप्पा!" मला तिचा हेवा वाटतो. तिच्या नापास होण्याला एक तारीख आहे, म्हणून ते संपलं. माझं सुरूच झालं नाही, त्यामुळे ते संपतही नाही.

पण वडिलांवरचा माझा राग असा सरळ नाही. तो वाकडातिकडा जातो. कारण हा माणूस भित्रा नव्हता. आमच्या भागात चैत्र-वैशाखात सांबार पेरणारे फार थोडे. ऊन असं की सकाळी उगवलेलं दुपारी करपतं. वडील मात्र दरवर्षी पेरायचे. वाफ्यांवर तुराट्यांचा मांडव घालायचे, वर पळसाच्या डहाळ्या टाकायचे, सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी शिंपायचे. कधी हिरवागार गालिचा यायचा आणि लग्नसराईत लोक दारात येऊन जुड्या मागायचे. कधी एका रात्रीच्या गरम वाऱ्यात सगळं पिवळं पडायचं. शेजारचे मळेवाले टोमणे मारायचे, "काहून जिवाचं पाणी करून राह्यला, नारायण? जळणार आहे थे."

वडील खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मान पुसायचे आणि म्हणायचे, "जळलं तं वखर फिरवू. माती काय हासते का आपल्याले?"

आता सांगा. जो माणूस जळणार हे माहीत असून दर उन्हाळ्यात सांबार पेरत होता, तो पोरीच्या एका कागदावरच्या आकड्यांना कसा घाबरला? कारण त्या खोलीत कोणीतरी त्याला सांगितलं की इथे हसतात. मातीत पीक बुडालं तर त्यात कोणाला लाज दिसत नव्हती. शाळेनं ती लाज आणली, त्याच्या गळ्यात बांधली आणि त्यानं ती मुकाट्यानं घरी आणली. मी त्याला दोष देऊ बघते आणि प्रत्येक वेळी माझी मान त्या मऊ आवाजाकडे वळते.

ती भीती लग्नानंतर माझ्यासोबत वाशीमला आली. नवरा टेम्पो चालवायचा, घरात हातभार हवा म्हणून मी भाजी विकायला लागले. पहाटे ठोक बाजारात हर्रास होते. अडत्या ढिगाजवळ उभा राहून बोली पुकारतो, घेणारे चढवत जातात. नियम एकच, तोंडातून बोली निघाली की माल तुमचा. मागे घ्यायची नाही, रडायचं नाही. मी नुसती उभी राहायची. सगळे बघतील, चुकलं तर हसतील. मग हर्रास झाल्यावर दुसऱ्यांनी घेतलेलं चढ्या भावानं उचलायचं.

अडत्या गनीचाचा. मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कांदे ऐकतील. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, घ्यायचं आहे का तमाशा पाह्यचा आहे? तमाशाचं तिकीट लागते."

लोक हसले. मला असा राग आला की मी समोरच्या फुलकोबीच्या ढिगावर बोली ओरडले, आणि माझीच शेवटची ठरली. दुसऱ्या दिवशी गाड्याच्या गाड्या कोबी आली आणि भाव मातीत गेला. माझा ढीग घरासमोर सडला. गल्लीतल्या गाईसुद्धा कंटाळल्या. नवरा जेवताना एवढंच म्हणाला, "आज पण कोबीच का?"

आठव्या पहाटे मी पुन्हा ढिगाजवळ उभी. गनीचाचानं पाहिलं. "आली? मले वाटलं गेली कामातून."

"काहून? कोबी सडली, मी थोडीच सडली!"

चाचा असा हसला की त्याची बोली थांबली. त्या दिवशी मला कळलं की बुडाल्यावर काय होतं. काही होत नाही. पहाट होते, ढीग लागतात, बोली सुरू होते. मला शाळेनं जे शिकवायचं होतं ते एका सडलेल्या कोबीनं शिकवलं, आणि शाळा मात्र आजही आपल्याला विद्येचं मंदिर म्हणवते.

बाजारातलीच एक गोष्ट अजून. ढीग लावताना लबाड माणूस वर चांगली वांगी रचतो, किडकी खाली दडपतो. आम्ही घेणारे म्हणून कोपरापर्यंत हात घालून खालचं वांगं काढून बघतो. शाळेचा लबाड त्याच्याही पुढचा. तो आधीच निवडतो, त्याला नकोत ती नाल्यात फेकतो आणि मग पाटी लावतो की आमच्या ढिगात एकही किडकं नाही. आणि कोणी हात घालून विचारत नाही की नाल्यात काय आहे. आम्ही आहोत नाल्यात! आणि आम्हाला कीडही नव्हती. आम्ही फक्त पिकायच्या राहिलो होतो.

काजलला त्याच शाळेत का घातलं, असं मला लोक विचारतात. ती शाळा तर वाशीमची नाही, मग काजल तिथे कशी? नवरा गेल्यावर वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी दोन वर्षं माहेरी राहून वाशीमला ये-जा केली आणि जवळची शाळा तीच होती. मुख्याध्यापक नवे होते, वाटलं जमाना बदलला असेल. जमाना बदलला होता. मऊ आवाजासोबत आता चहा मिळतो.

यंदाच्या सहामाहीनंतर मला बोलावणं आलं. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर गनीचाचा बसला होता. सोबत त्याची नात मुस्कान. ती काजलच्या वर्गात, आईसोबत गावातच राहते, म्हणून सहीला चाचा खास वाशीमवरून आला होता. टोपी नीट केलेली, सदरा धुतलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. ज्याच्या आवाजाला बाजार उठतो तो माणूस माझ्याशी कुजबुजत बोलला.

"इंग्लिश में कमजोर है, बोलते हैं. फेल हुई तो ठप्पा लगेगा. दाखला घेऊन राह्यलो बेटा."

"चाचा, तुमी? तुमी घाबरून राह्यले?"

"बाजार की बात अलग है." त्यानं नजर खाली घातली. "इथं अपन काय बोलनार? ते शिकलेले लोक."

मला त्या बाकावर माझे वडील दिसले. दोघांचं पीक वेगळं, देव वेगळा, भीती मात्र एकाच दुकानातली.

आत मला खुर्ची दिली. मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, तुम्ही व्यवहारी आहात, तुम्हाला लवकर समजेल. काजलला बाहेरून बसवू. वर्गात येऊ दे, नोट्स देऊ, सरांना सांगून गणित करून घेऊ. फक्त नाव आपल्या शाळेतून नको."

मी सगळं आयुष्य घासाघीस केली आहे. समोरचा न मागता भाव पाडतो तेव्हा समजावं, माल त्याच्या गळ्यात अडकला आहे. मी विचारलं, "सर, पोरगी नापास झाली तं नुकसान कोनाचं?"

"अर्थात तिचंच."

"मंग घाबरून तुमी काहून राह्यले?"

त्यांनी चहाचा कप उचलला आणि खाली ठेवला. मग परंपरा, संस्था, पालकांचा विश्वास असे शब्द आले. मी म्हणाले, "मी भाव करायले आलीच नाई. नाव इथूनच जाईन. पास का नापास, थे तिचं ती पाहीन."

छाती फुगवून बाहेर आले तर दारातच काजल. डोळे भरलेले. "आई, राहू दे न. बाहेरूनच बरं. मले भ्या वाटते. सगळ्या पोरी पास होतीन अन् मी एकटी..."

शाळेशी मी भांडू शकत होते. पण भीती आता माझ्या पोरीच्या तोंडून बोलत होती, तिच्याशी कसं भांडायचं? मी तिच्यावर ओरडले. मी चिडले की ओरडते, मला दुसरं येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला पहाटे वाशीमच्या हर्रासीला नेलं. धुकं, ओल्या पोत्यांचा वास, चहाच्या टपरीचा धूर, मुळ्यांच्या पांढऱ्या रांगा. मेथीचा ढीग लागला. मी म्हटलं, "बोल."

"मी? मले काय समजते त्यातलं?"

"मलेही समजत नव्हतं. बोल."

गनीचाचानं पाहिलं आणि मुद्दाम पुकारा लांबवला. काजलनं बोली केली. घाबरून ती इतकी वर गेली की पुढे कोणी बोललंच नाही. सगळा बाजार हसला. चाचा हातातली काडी उंचावून ओरडला, "माल छोरीचा! बोली दिली, आता मागं नाई!" तिचे कान लाल झाले. दिवसभर आम्ही दोघींनी ती मेथी विकली, दुपारनंतर पडत्या भावात, संध्याकाळी तर हातापाया पडून. उरलेली घरी आणली. भाकरी थापताना ती एकदम म्हणाली, "आई, आपून बुडलो न आज?"

"बुडलो."

"मंग आता काय?"

"आता मेथी खा."

ती तवा उतरवेपर्यंत हसत होती. सुट्टी संपली त्या दिवशी तिनं स्वतःच शाळेत जाऊन सांगितलं की मी इथूनच बसणार. त्या पहाटे मेथी घेऊन निघताना मी चाचाला म्हटलं होतं, "मुस्कानलेही आणा न एक दिवस." तो पुढच्या ढिगाकडे वळला. त्याची सही होऊन गेली होती.

आता रुळाची नाही, विजेची घंटा वाजली. फाटक उघडलं. घाम आणि शाई आणि कलकलाट रस्त्यावर सांडला. शेजारच्या बापानं बाटली उघडलीच नव्हती, तो ती घेऊन धावला. काजल शेवटून आली. कसा गेला, हे मी विचारलं नाही.

तीच म्हणाली, "दोन प्रश्न आलेच नाई. तरी शेवटलोक बसून राह्यली."

"भ्या वाटलं?"

"पेपर हातात येईपर्यंत लय वाटलं. मंग लिहायचंच एवढं होतं का भ्याले टाइमच नाई भेटला." ती कॅरेटवर बसली, पाणी प्यायली. मग हळूच म्हणाली, "तो त्रिकोणाचा प्रश्न होता न, थो मले मुस्काननंच शिकवला होता. आज कोनत्याच बाकावर तिचा नंबर नव्हता."

मी तिच्या खांद्यावर गळलेलं लिंबाचं पान काढलं.

काजल पास होईल की नापास, मला माहीत नाही. नापास झाली तर रडेल, आम्ही दोघी मिळून काहीतरी चमचमीत करून खाऊ आणि ती पुन्हा बसेल. मुस्कान पास झाली असती असंही मी म्हणत नाही. मी म्हणते, तिचा पेपर तिच्या हातात द्यायला हवा होता. ती आज घरी शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवते आहे. तिला वाटतं आहे की शाळेनं आपल्यावर दया केली. तिला पायही हलके वाटत असतील. तेच मला सहन होत नाही.

तर मुख्याध्यापक महाशय, निकालाच्या दिवशी तुम्ही पेढे वाटाल तेव्हा मी येणार आहे. गनीचाचाला आणि मुस्कानला घेऊन येणार आहे, आणि तुमच्या पेढ्याला हात लावणार नाही. मुलांसमोर, पालकांसमोर, संस्थेच्या मंडळींसमोर त्या मुलीला सांगा, परीक्षा झालीच नाही तर ती नापास होणार हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुमची भीती तिच्या आजोबाच्या सहीनं तिच्या पदरात घालायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मऊ आवाजात नको. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, आणि उत्तर उभं राहून द्या.